बाबेल ते नंदाखाल, पायी

शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, पहिलं वाचन माझ्याकडे होतं. बायबलमधल्या उत्पत्तीचा अकरावा अध्याय, बाबेलच्या बुरुजाची गोष्ट. सगळी माणसं एकच भाषा बोलत होती, त्यांनी आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला घेतला, आणि परमेश्वराने त्यांच्या भाषेचा असा गोंधळ केला की शेजारच्याचं शेजाऱ्याला कळेना. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी ही गोष्ट वाचतात आणि रविवारी सकाळी प्रेषितांच्या कृत्यांमधली दुसरी गोष्ट येते, जिच्यात ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू येतं. गेली अकरा वर्षं मी आमच्या देवळात वाचन करते. पण या दोन वाचनांच्या मधली रात्र चालत काढायची, हे यंदाच घडलं.

२०२५ हे कॅथलिक चर्चच्या ज्युबिलीचं, पवित्र वर्ष. ‘आशेचे यात्रेकरू’ हे त्याचं बोधवाक्य, त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे पदयात्रा निघत होत्या. आमच्या आळीने ठरवलं की आपण पेन्टेकॉस्टला नंदाखालला चालत जायचं. वसईत देवळं पुष्कळ, पण नंदाखालचं देऊळ पवित्र आत्म्याच्या नावाचं आहे, १५७३ सालचं. त्याचा सण त्याच्याच दारात साजरा करायचा. किल्ल्याजवळच्या आमच्या गावापासून गिरीज, भुईगाव, वाघोली, निर्मळ, गास, उमराळे अशी वाट. पंढरीच्या वारकऱ्याला हे अंतर म्हणजे सकाळचा फेरफटका वाटेल, पण आमच्यात सत्तरीचे दोघे आणि दुसरीतली एक मुलगी होती, आणि प्रत्येक क्रूसाजवळ थांबायचं होतं.

आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची रोजची प्रार्थना, चालू होती. दर संध्याकाळी एका आळीची पाळी: प्रार्थना तिची, गायन तिचं, सजावट तिची. पेन्टेकॉस्टचा रंग लाल, म्हणून आमच्या काकूने जास्वंद द्यायचं ठरवलं. जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं, मग संध्याकाळच्या प्रार्थनेला ते वेदीवर ताजं कसं ठेवायचं? काकूने पहाटे मिटलेल्या कळ्या खुडल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि साडेपाचला देवळात नेऊन परडीत मांडल्या. पहिलं गाणं होईपर्यंत त्या एकेक करून उमलत होत्या. एरवी या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात, तिचा महिन्याचा किराणा त्यावर चालतो. त्या दिवशीच्या सगळ्या कळ्या तिने देवाला दिल्या आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. लहानपणी ती तिच्या आईबरोबर नंदाखालला याच सणाला चालत जायची, वाड्यांमधून, केळीच्या बागांतल्या पाटांच्या कडेने. आता तिचा गुडघा तिला अंगणातल्या तुळशीपर्यंतही जाऊ देत नाही. (हो, आमच्या अंगणात तुळस आहे, खोकल्याच्या काढ्याला लागते.) निघताना तिने मोगऱ्याची माळ दिली. दुपारभर बसून स्वतः ओवलेली, केळीच्या पानात बांधलेली. “वेदीवर नको, वेदी ते सजवतील,” ती म्हणाली. “स्नानसंस्काराच्या कुंडापाशी ठेव.” आजी कादोडीत, वसईतल्या आमच्या बोलीत, बोलते. तिचं बोलणं इथे मी मराठीत उतरवतेय, आणि उतरवताना त्याची अर्धी चव जाते हे मला माहीत आहे.

पहाटे साडेतीनला सतराजण निघालो. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला होता, आठवडाभर धो धो कोसळला आणि मग दडी मारून बसला. त्यामुळे जमीन ओली आणि हवा मात्र ढिम्म. बावखलं अर्धीअधिक भरली होती आणि बेडकांचा असा गजर चालला होता की माळेची प्रार्थना सांगणाऱ्या मामांना आवाज चढवावा लागत होता. वसईबाहेरच्यांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीतला गोड्या पाण्याचा मोठा खड्डा, पावसाचं पाणी धरून ठेवणारा. समुद्र इतका जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या या बावखलांमुळे. वाटेत तीन ठिकाणी बावखल बुजवून त्यावर इमारत उभी राहिलेली दिसली. तिथे बेडूक गप्प होते. मामा त्या जागा आले की एक क्षण थांबत, मग पुढचं ‘नमो मरिया’ सुरू करत.

माळेच्या प्रार्थनेत एकेका पवित्र प्रसंगाचं, म्हणजे रहस्याचं, स्मरण करतात; रविवार म्हणून गौरवाची रहस्ये. तिसरं रहस्य पवित्र आत्म्याच्या आगमनाचं, माडीवर जमलेल्या शिष्यांच्या डोक्यावर ज्वाला उतरल्या त्या प्रसंगाचं, ते आम्ही भुईगावच्या एका क्रूसाजवळ म्हटलं. चुन्याने रंगवलेला साधा क्रूस, कोणीतरी पणती लावून गेलेलं. दुसरीतल्या मुलीने विचारलं, “आग डोक्यावर आली तर केस जळले नाहीत का?” तिच्या आईने तिला गप्प केलं, पण मला वाटतं त्या माडीवर बसलेल्या बायकांनीही पहिल्यांदा डोक्याला हात लावून पाहिला असेल.

वाघोलीला उजाडायच्या बेतात एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई दात घासत उभी होती. क्रूस पुढे, मागे आमची रांग. तिने विचारलं, “कुठली दिंडी?” मामा म्हणाले, “नंदाखालला चाललोय, सणाला.” तिने आम्हाला थांबवलं, आत गेली आणि कळशीभर पाणी आणि पेला घेऊन आली. दहा दिवसांनी ती स्वतः देहूला जाणार होती, पालखीबरोबर चालायला. माझ्या पायातल्या नव्या सँडलकडे बघून तिने मान हलवली. “नवं पायताण वारीला घालायचं नसतं पोरी. टाचेला खोबरेल लाव आणि थांबलीस तरी बसू नकोस.” तिनेच खोबरेलाची बाटली आणली, आणि माझ्या टाचेवर आलेला फोड बघून स्वतःच्या बोटाने तेल लावलं. मी ओशाळून पाय मागे घेत होते, ती सोडेना.

निर्मळच्या तळ्याशी सूर्य वर आला. कार्तिकात इथे यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आज तळ्यावर फक्त बगळे होते. इथे पिशवीतली सुकेळी निघाली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, गुळासारखी चिकट, एक खाल्लं की तासभर भूक लागत नाही. आमच्या पूर्वजांना प्रवासाची शिदोरी काय असावी हे नीट कळत होतं.

गासला थांबायचं आमच्या बेतात आधी नव्हतं. मीच हट्ट केला, आणि त्याला कारण तारखेचं होतं. गासचं देऊळ संत गोन्सालो गार्सियाचं. गोन्सालो आमच्या वसईचा, आई इथली, वडील पोर्तुगीज. पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि इतकी छान शिकला की पुढे मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मबंधू १५९३ मध्ये जपानच्या सत्ताधीशाकडे गेले तेव्हा दुभाषा म्हणून तेच बरोबर होते. तोवर त्यांनी स्वतःही फ्रान्सिस्कन वस्त्र घेतलं होतं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्यांतले एक गोन्सालो. पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत घोषित केलं ते ८ जून १८६२ रोजी, आणि तो दिवस पेन्टेकॉस्टचाच रविवार होता. १६३ वर्षांनंतरच्या या पेन्टेकॉस्टलाही तारीख ८ जूनच होती आणि आम्ही त्याच्या दारावरून चाललो होतो. न थांबता पुढे जायचं कसं?

आम्ही आत गेलो. संत गोन्सालोची गोष्ट लहानपणापासून शौर्याची गोष्ट म्हणूनच ऐकली आहे: भाला, क्रूस, रक्त. पण त्या सकाळी, रात्रभर डोक्यात बाबेल घोळल्यावर, मला त्यातला दुभाषा दिसला. मरणाच्या आधी कित्येक वर्षं या माणसाने एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगितलं. परक्याच्या भाषेत शब्द शोधताना चुकला असेल, हसले असतील त्याला, पुन्हा सांगितलं असेल. वाचक म्हणून मी त्याच्याकडे एकच मागितलं: माझ्या तोंडचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचू दे.

गासनंतर सावली संपली. वारा नाही, अंगाला कपडे चिकटलेले, आणि उमराळ्याच्या पुढे मामांच्या पोटरीला गोळा आला. दोघांनी त्यांना रस्त्याच्या कडेला धरून उभं केलं (बसू दिलं नाही, वाघोलीच्या आजीबाईंची आठवण होती), पाय चोळला, मिठाचं पाणी दिलं. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाले, “क्रूस माझ्याकडे द्या, त्याचा आधार घेऊन चालतो.” उरलेली वाट क्रूस त्यांनीच नेला.

नंदाखालला पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते आणि आवार लाल झालं होतं. लाल साड्या, लाल शर्ट, लाल पताका. याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, धाराशिवच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, बायबल सोप्या मराठीत आणणारे. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांच्यानंतरचा हा पहिला पेन्टेकॉस्ट. आत शिरताना मला त्यांचीच आठवण झाली, कारण ज्या भाषेत आम्ही आज सहज प्रार्थना करतो ती कुणीतरी बसून, शब्द तोलून घडवलेली आहे.

वाचनाला एक नववी-दहावीतली मुलगी उभी राहिली. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. वाऱ्याच्या सोसाट्यासारखा नाद, जिभांसारख्या ज्वाला, आणि मग ती भयंकर यादी, जिला सगळे वाचक घाबरतात: पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्या, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया… तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, नखावरची मेंदी अर्धी उडालेली. पंफुलियापाशी ती अडली. देवळात शेकडो माणसं आणि एक श्वासही नाही. तिने डोळे मिटले, ‘पं-फु-लि-या’ असं सुटं सुटं म्हटलं आणि पुढे निघाली. मी बाकाची कड घट्ट धरली होती. ‘आपण सर्व आपापल्या भाषेत ऐकत आहोत’ या वाक्याला ती आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मग पवित्र आत्म्याला हाक मारणारं ते जुनं स्तोत्र, मराठीत. वर्षातून एकदाच येतं. श्रमात तू विसावा, उन्हात तू गारवा, रडताना तू सांत्वन. ते दरवर्षी म्हटलं आहे. पण टाचेला खोबरेल आणि पाठीवर घामाची धार असताना पहिल्यांदाच म्हटलं.

मिस्सेनंतर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती वेदीजवळून उचलून स्नानसंस्काराच्या कुंडापाशी नेली. पास्काचा काळ इथे संपतो, आता ती पेटणार ती बाळांच्या स्नानसंस्काराला आणि कुणाच्या अंत्यविधीला. तिच्या पायथ्याशी मी केळीचं पान सोडलं. इतके तास पिशवीत राहूनही मोगरा ओला होता.

परतीला बस केली. घरी पोचले तर आजी ओट्यावर वाटच बघत होती. पहिला प्रश्न: “नावं नीट घेतली का वाचणाऱ्याने?” मी पंफुलियाचं सांगितलं. मग मी जिन्याच्या पायरीवर बसून पाय गरम पाण्यात सोडले आणि ते स्तोत्र गुणगुणायला लागले. आजीने चाल ओळखली आणि माझ्यात आवाज मिसळला, पण तिचे शब्द वेगळे होते: “वेनी, सांक्ते स्पिरितुस…” लॅटिन. देवळात मराठी आली ती साठच्या दशकात व्हॅटिकन परिषदेनंतर, तेव्हा आजीची दोन मुलं झाली होती. त्याआधी लहानपणापासून दरवर्षी ऐकून ऐकून तिला ते अख्खं पाठ झालं होतं. दहाही कडवी. एकही अडखळली नाही.

“याचा अर्थ माहितीये तुला?” मी विचारलं.

“आम्हाला कोण सांगणार? देवाला कळतंय ना, मग झालं, असं म्हणायचे.”

मराठीतलं गाणं आणि तिच्या तोंडचं हे लॅटिन एकच आहे, हे साठ वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची, मी ती कादोडीत सांगायची. श्रमातला विसावा सांगितला तेव्हा तिने घमेल्यातल्या माझ्या पायांकडे पाहिलं. उन्हातल्या गारव्याला मला शब्द सापडेना, मी मराठीच शब्द वापरला, तर तिने हात वर करून मला थांबवलं, आपला शब्द दिला, आणि तो मी नीट म्हणेपर्यंत पुढची ओळ म्हटली नाही.