काल त्याने माझी नजर पकडली

काल संध्याकाळी मी सोफ्यावर बसले होते आणि लेक शेजारी गाडीची चाकं फिरवत होता, नेहमीसारखं. माझं लक्ष सारखं दरवाज्याकडे जात होतं. तेवढ्यात त्याने मान वर केली, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि मग तोही दरवाज्याकडे बघायला लागला. मी बोट दाखवलं नव्हतं, मानसुद्धा हलवली नव्हती. सात वर्षांचा आहे तो.

बाकीच्या घरांत हे कधी होऊन जातं कळतही नाही. आपण मान वळवली की तान्ही बाळंही त्या बाजूला बघतात, हे स्काइफ आणि ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं, आणि नुसते डोळे फिरवले तरी बघणं साधारण दीड वर्षाच्या आसपास जमतं. आमच्याकडे एम-चॅटच्या, म्हणजे लहान मुलांमधली ऑटिझमची लक्षणं तपासायच्या प्रश्नावलीत, 'तुम्ही बघता तिकडे मूल बघतं का' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं, तेव्हा हे इतकं मोठं असेल असं वाटलंच नव्हतं.

मोठं का, तर शब्द त्यातूनच शिकतात ना! हा कितीतरी महिने पंख्याला बॉल म्हणायचा. मी बॉलकडे बघून बॉल म्हणायचे तेव्हा हा पंखा बघत असायचा, मग शब्द पंख्याला चिकटला. १९९७ च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांचं नेमकं हेच दिसलं होतं, ते वाचून मी रडले होते.

आधी मी त्याची हनुवटी धरून "इकडे बघ, इकडे बघ" करायचे, त्याचं मला अजून वाईट वाटतं. थेरपिस्ट म्हणाल्या, ताई, तो जिथे बघतोय तिथे आधी तुम्ही जा. मग मी पण चाकं फिरवत बसले, कितीतरी दिवस. नंतर "अरे!" म्हणून मान पूर्ण वळवायची, बोट दाखवायचं, आणि त्याने बघितलं की तिथे लाइट लागलाच पाहिजे किंवा खेळणं नाचलंच पाहिजे, नाहीतर त्याने का बघावं? हळूहळू आवाज बंद केला, मग बोट, मग मान कमी केली. दोन वर्षं गेली यात.

तरी एक शंका होतीच. स्क्रीनवरचे डोळे फिरले की ऑटिझम असलेल्या मुलांचंही लक्ष बऱ्याचदा त्या बाजूला जातं, पण समोरचा माणूस का बघतोय ते कळणं ही वेगळी गोष्ट.

दरवाजा बंदच होता. तो परत माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बाबा?"