इतिहासाचा काय संबंध?

पेट (प्रवेशपरीक्षा), कोर्सवर्क, विषयमंजुरी या पीएच.डी.च्या सगळ्या पायऱ्या कधी ओलांडल्या ते आता आठवतही नाही. आठवते ती एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी समिती. अकरा महिने!

माझा विषय असा: सातारा जिल्ह्यात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटपर्यंत वेदना कमी करणारे उपचार का पोचत नाहीत, आणि त्यात मालिका-सिनेमांतल्या मध्ययुगीन वीरांचा वाटा किती. हसू आलं ना? कमिटीलाही आलं.

हे सुचलं वडूजच्या मोठ्या मामांमुळे. तोंडाचा कॅन्सर. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या पार पुण्याहून आणलेल्या, दर चार तासांनी एक. मामा उपरण्याचा पीळ मुठीत आवळून भिंतीकडे तोंड करून बसायचे. "बाजीप्रभूंनी तोफा ऐकू येईस्तोवर खिंड सोडली न्हाय, आन मी गोळी खाऊ?" ते गेल्यावर मामीने डबी उघडली. एकतीस गोळ्या शिल्लक.

तर कमिटी. फॉर्म मुळात औषधांच्या चाचण्यांसाठी बनवलेला: औषधाचं नाव, डोस, प्रायोजक, विमा. मी एकोणीस ठिकाणी "लागू नाही" लिहिलं. "माहिती अपूर्ण" म्हणून फाइल परत. (एकही रकाना नुसत्या "लागू नाही"वर सोडू नका, पुढे एक ओळ कारण लिहा. हे मला एका शिपाईकाकांनी सांगितलं, सदस्यांनी नाही.)

मग बैठक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कोरमला, म्हणजे गणपूर्तीला, किमान 5 सदस्य लागतात. आले चार. पाचव्यांच्या घरी लग्न. पुढची बैठक तीन महिन्यांनी.

तेव्हा शेरा मिळाला: "इतिहासाचा काय संबंध? तो भाग वगळून फेरसादर करावे." मी जाम चिडले. रात्री बसून चार पानी उत्तर लिहिलं, सकाळी फाडून एक पानी केलं. त्यात लिहिलं: 1985 चा अमली पदार्थांचा कायदा कडक होता, मॉर्फिन ठेवायला दवाखान्यांना परवान्यांवर परवाने लागायचे. 2014 च्या दुरुस्तीनंतर ते सुटसुटीत झालं. तरी जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात ही दुखणं कमी करणारी, म्हणजे उपशामक, सेवा ज्यांना हवी त्यांतल्या जेमतेम 14 टक्क्यांना ती मिळते. औषध दुकानात नसणं हे एक कारण. पण घरात, उशाशी असूनही न घेणं? त्याचं उत्तर औषधशास्त्रात कुठून सापडणार?

एक पानच वाचलं जातं, लक्षात ठेवा.

एवढ्यावर संपलं नाही. मराठी संमतीपत्रात "उपशामक सेवा" लिहिलं होतं. एका सदस्यांना "परिहारक" हवं होतं. मी मामीला विचारलं, तर म्हणाली, "ते पंचायतीत असतं का?" शेवटी लिहिलं, "दुखणं कमी करणारी आणि सोबत करणारी सेवा". हे पास झालं, पण कुणाकडून तरी परत इंग्रजी करून, दोन्ही मजकूर जुळतात असा दाखला जोडल्यावरच. तो आधीच करून ठेवा, माझे सहा आठवडे त्यात गेले.

मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा पोवई नाक्यावर उभ्याउभ्या दोन कप चहा प्यायले, दुसरा उगाचच.

आणि हो, आमच्या कमिटीला संमतीपत्राच्या प्रत्येक पानावर सही लागते. पेशंट अंगठा देणार असेल तर साक्षीदाराचीही. मी खटावमधल्या पहिल्याच घरी शाईचं पॅड विसरले होते.