पाचव्या लायनरखाली

ऑइल पॅन आदल्या संध्याकाळीच उतरवला होता. कूलिंग सिस्टिममध्ये साधारण एक बार हवेचा दाब भरला, खाली कोरडा पुठ्ठा अंथरला आणि ट्रक रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पुठ्ठ्यावर कूलंटचा डाग होता. टॉर्च घेऊन खाली सरकलो. पाचव्या सिलिंडरमधून थेंब पडत होता आणि तो लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिच्या, आतल्या भिंतीवरून ओघळत होता. बाहेरच्या बाजूने आला असता तर खालची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, गेली असं म्हणता आलं असतं. आतून आला, म्हणजे लायनरलाच भोक पडलं होतं.

मालक स्वतःच गाडी चालवतात. सहा सिलिंडरचं इंजिन, ११ लाख किलोमीटर झालेले. पाणी कमी होतंय म्हणून ते महिनाभर वरून साधं पाणी घालत होते. डिपस्टिकवर दुधासारखं ऑइल दिसलं तेव्हा गाडी उभी केली. इंजिन बदलायचं हे ठरवूनच ते आले होते. "दादा, दुसरं बसवून टाका. याच्यात आता काही राहिलं नाही."

"आधी क्रँक बघू द्या," मी म्हणालो.

११ लाख ऐकून माणूस घाबरतो, पण मी किलोमीटर नंतर विचारात घेतो. या इंजिनांना वेट लायनर असतात, म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागणारे. झिजले की काढायचे, नवे घालायचे. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं काम, एवढं सगळं इंजिन चॅसिसमध्ये ठेवूनही करता येतं. अट एकच: ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, धड हवेत. क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला तर इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तिथून सगळा हिशेब बदलतो.

बेअरिंग काढली. क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या खालच्या अर्ध्या शेल, म्हणजे वाट्या, आणि पिस्टनच्या रॉडच्या वरच्या, कारण सगळा भार तिथेच येतो. दोन शेलवर वरचा करडा थर जाऊन तांबं दिसत होतं. कूलंट मिसळलेल्या ऑइलवर गाडी चालली की हे होणारच. पण एकही शेल फिरली नव्हती, जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, उष्णतेचा निळा डाग नव्हता. रॉड जर्नल दोन-दोन ठिकाणी, आडवे-उभे असे मायक्रोमीटरने मोजले. सगळे मापात होते. नखाला लागेल असा चराही नव्हता. मला मनापासून आनंद झाला. मालकांना बोलावून सांगितलं, "इंजिन वाचेल. नवं घेऊ नका."

तो शब्द मी घाईने दिला. हेड अजून उतरायचं होतं.

दुपारी हेड काढलं, पाचवा लायनर ओढला. बाहेरच्या बाजूला, पिस्टन ज्या बाजूला आपटतो तिथे, सुईने टोचल्यासारख्या खड्ड्यांचा पट्टा होता आणि त्यातलं एक छिद्र आरपार. प्रत्येक स्फोटाला पिस्टन लायनरला धक्का देतो, लायनर थरथरतो. बाहेरच्या कूलंटमध्ये बारीक बुडबुडे तयार होतात आणि भिंतीला चिकटूनच फुटतात. ते फुटताना धातूचा कण न् कण उडवत जातात. कूलंटमधलं रसायन लायनरवर पातळ पापुद्रा धरतं, म्हणून एरवी तो टिकतो. साधं पाणी घालत गेलं की रसायन पातळ होतं आणि लायनर उघडा पडतो. महिनाभरात एवढं होत नाही. कूलंटकडे बऱ्याच काळापासून कोणी पाहिलं नसणार.

तरीही मी निश्चिंत होतो. लायनर तर बदलायचेच होते. नवा लायनर पाचव्या जागी नुसता बसवून पाहिला. लायनरची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर राहायला हवी, तरच हेड गॅस्केट घट्ट दाबली जाते. डायल गेज लावून चार ठिकाणी मोजलं. तीन ठिकाणी ठीक. चौथ्या ठिकाणी, हेडच्या एका बोल्टच्या बाजूला, कड खाली बसत होती.

बैठक झिजली असेल असं वाटलं. त्यावर इलाज आहे. कटर ब्लॉकवर बसवून बैठक सपाट करायची आणि लायनरखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालायची. कटर लावण्याआधी जागा स्वच्छ पुसून डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक तड्यात शिरणारा लाल रंग, मारलं. ही सवय मला माझ्या उस्तादांनी लावली. लाल रंग पुसला, वर पांढरी पावडर फवारली आणि वाट पाहिली. हळूहळू एक लाल रेघ उमटली. लायनरच्या बैठकीपासून थेट बोल्टच्या भोकापर्यंत.

मी पुन्हा धुतलं, पुन्हा केलं. रेघ तिथेच आली.

कास्ट आयर्नला टाके घालून तडे बुजवणारे कारागीर आहेत आणि वॉटर जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला तडा असता तर मी त्यांच्याकडेच गेलो असतो. पण ही जागा हेड बोल्टच्या ताणाखालची. तिथे टाके टिकतील असं सांगायला माझी जीभ रेटेना. मालकांना बोलावलं, रेघ दाखवली. "सकाळी मी चुकीचं सांगितलं. हा ब्लॉक गेला."

ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग विचारलं, "वापरलेलं एखादं इंजिन मिळालं तर?"

मिळतं, पण आधी ते कोणत्या पाण्यावर आणि ऑइलवर चाललं हे कोण सांगणार? नुसता नवा ब्लॉक आणून यांचा क्रँक त्यात घालणं शक्य होतं. त्यात आठवडे जातात आणि गाडी उभी म्हणजे यांचं घरही अडलं. मी कारखान्यात पुन्हा बांधून चाचणी केलेलं इंजिन घ्यायला सांगितलं, वॉरंटीसकट. जुनं इंजिन परत द्यावं लागतं आणि ब्लॉकला तडा असेल तर त्याचं पूर्ण मोल मिळेलच असं नाही. हे ऑर्डरच्या आधीच पुरवठादाराला फोन करून सांगितलं. गिअरबॉक्सचं आणि डिफरेन्शियलचं ऑइल काढून पाहिलं. धातूचा चुरा नव्हता. उरलेला ट्रक थकलेला असता तर नवं इंजिन घ्यायचा सल्ला मी दिलाच नसता.

जुना ऑइल कूलर मात्र नव्या इंजिनाला लावायचा नाही असं बजावलं. बेअरिंगचा चुरा त्याच्या नळ्यांत अडकून बसतो. कितीही धुतला तरी निघाला याची खात्री नसते. टर्बोच्या शाफ्टला हाताने हलवून पाहिलं, तर खेळ जास्त होता. तोही बाजूला काढला. रेडिएटर आणि होज आतून धुवायला घेतले.

निघताना मालकांनी भोक पडलेला लायनर मागून घेतला. उजेडासमोर धरून त्यांनी ते छिद्र पाहिलं आणि विचारलं, "कूलंट तपासायच्या पट्ट्या कशा वापरतात?" मी कपाटातून डबी काढली. दुसऱ्या एका गाडीचा कूलंट भांड्यात घेतला. पट्टी त्यांनी स्वतः बुडवली, घड्याळ लावलं आणि रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवून पाहू लागले.