शहिदांना भिंत, जखमींना काय?

युद्धस्मारक म्हटलं की डोळ्यासमोर येतात दगडावरची नावं, ज्योत, सलामी. म्हणजे सगळं गेलेल्यांसाठी. त्यात चूक काहीच नाही, पण मला बरेच दिवस खटकतंय ते हे की लढाईत मेलेल्यांपेक्षा जखमी होऊन परत आलेले बहुतेक वेळा जास्तच असतात आणि त्यांचा जाहीर मान कसा राखायचा हे मात्र फारसं कुणाला जमलेलं दिसत नाही. शहिदाचा सन्मान त्यामानाने सोपा असतो हो. तो चिडत नाही, रात्री ओरडत उठत नाही, पेन्शनची फाईल कुठे अडली म्हणून विचारायला येत नाही.

पहिल्या महायुद्धातलं बघा. इंग्लंडमध्ये सिडकपला १९१७ मध्ये चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांसाठी खास हॉस्पिटल सुरू झालं, तिथे हॅरॉल्ड गिलिस नावाचा सर्जन कुणाचं नाक तर कुणाचा जबडा नव्याने उभा करायचा. प्रचंड काम केलंय त्या माणसाने. पण हॉस्पिटलच्या आसपासचे काही बाक निळे रंगवले होते, का तर इथे बसलेल्या माणसाकडे बघून दचकायला होईल, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आधीच सावध असावं! ज्यांच्यासाठी तो तोंडावर गोळी झेलून आला त्याच लोकांना त्याच्यापासून सावध करायचं, काय बोलायचं यावर.

फ्रान्सने बरोबर उलटं केलं. जून १९१९ मध्ये व्हर्सायला तहावर सह्या झाल्या तेव्हा फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी असेच चेहरे गेलेले पाच सैनिक मुद्दाम हॉलमध्ये बसवले, आणि १४ जुलैच्या पॅरिसच्या विजय परेडमध्ये सगळ्यात पुढे मार्शल नव्हते तर कुबड्या घेतलेले, आंधळे झालेले, व्हीलचेअरवरचे जवळपास हजार जखमी सैनिक होते. परेडबद्दल वाचताना भारी वाटतं. व्हर्सायचं मात्र मला तितकंसं पटत नाही, कारण ते पाच जण खरंतर जर्मन प्रतिनिधींना दाखवायला बसवलेले, मग तो त्यांचा सन्मान होता की त्यांचा वापर?

मला सगळ्यात आवडतं ते इंग्लंडमधलं ईस्ट ग्रिन्स्टेड हे गाव. दुसऱ्या महायुद्धात विमानात भाजलेले वैमानिक तिथे आर्चिबाल्ड मॅकिन्डोकडे उपचाराला यायचे. आता हा मॅकिन्डो गिलिसच्याच नात्यातला, पण याने सर्जरीइतकंच गावावरही काम केलं. पेशंटना हॉस्पिटलचे कपडे नाहीत, स्वतःचा युनिफॉर्म घाला आणि बाहेर फिरा, आणि गावाला सांगितलं की ही पोरं पबमध्ये, थिएटरमध्ये येतील, टक लावून बघू नका, नेहमीसारखं बोला. आणि गावाने ते खरंच केलं, घरी बोलावलं, नाचात घेतलं, काही जणांची लग्नंसुद्धा झाली. टक लावून न बघणारं गाव अशीच त्या गावाची ओळख झाली. ना पुतळा, ना भाषण. पेशंटनी १९४१ मध्ये स्वतःचा एक क्लब काढला, नाव काय तर गिनीपिग क्लब 😄

खेळाचंही तसंच. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिक सुरू होत होतं त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी १६ जखमी माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली, त्यात बायकाही होत्या, आणि पॅरालिम्पिकची सुरुवात ती. पुढे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात गोल्ड मारलं, आणि पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ४६ वर्षांनी! बाकी काही लिहीत नाही.

बरं ह्या झाल्या दिसणाऱ्या जखमा. डोक्यातल्या जखमेचं काय? अमेरिकेत जखमी सैनिकाला पर्पल हार्ट हे पदक मिळतं, पण फक्त पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवातून मनाला झालेला आजार, असेल तर मिळणार नाही हे पेंटागॉनने २००९ मध्ये स्पष्टच केलं. त्यामागचं लॉजिक कळतं, पदक शत्रूच्या हल्ल्यात झालेल्या जखमेसाठी आहे वगैरे, तरी मला ते पचत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पळाले, घाबरले म्हणून आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यातल्या काहींना सरळसरळ शेल शॉक, म्हणजे युद्धाने मनावर झालेला आघात, होता, आणि ३०६ जणांना माफी मिळाली थेट २००६ मध्ये. तोवर कित्येक घरांनी त्यांचं नावच घेतलं नव्हतं.

वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मारकाची भिंत आहे, तिच्यावर ५८,००० च्या वर नावं आहेत, हुद्दा नाही, ज्या क्रमाने बळी गेले त्याच क्रमाने. पण एजंट ऑरेंजमुळे, म्हणजे त्या युद्धात जंगलावर फवारलेल्या विषारी तणनाशकामुळे, नंतर कॅन्सरने गेलेले किंवा घरी येऊन आत्महत्या केलेले त्या भिंतीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी २००४ मध्ये जवळच एक फरशी बसवली, बिननावाची. वर्षातून एकदा मात्र तिथे कार्यक्रम होतो आणि अशा लोकांची नावं एकेक करून मोठ्याने वाचतात, समोर घरचे बसलेले असतात. मला विचाराल तर कुठल्याही परेडपेक्षा ते वाचन जास्त पटतं, पण ती नावं दगडावर का नकोत याचं धड उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.