तुम्ही विचारलंत म्हणून: इस्टेट टॅक्सची सूट कमी झाली तर?

इस्टेट टॅक्स म्हणजे माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या संपत्तीवर लागणारा कर, आणि ठरावीक रकमेपर्यंत तो माफ असतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं हमखास विचारतात, ‘ही सूट उद्या कमी झाली तर? आत्ताच सगळं मुलांच्या नावावर करून टाकू का?’ बहुतेकांना माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

२०१७च्या कायद्यानं दुप्पट केलेली सूट २०२५ अखेर साधारण निम्म्यावर येणार होती. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्यानं ते टळलं. २०२६मध्ये माणशी दीड कोटी डॉलर माफ आहेत. हयातीत दिलेलं आणि मागे ठेवलेलं, दोन्ही मिळून. त्यावर ४० टक्के कर. या सवलतीला आता मुदत नाही, पण पुढची काँग्रेस (अमेरिकेची संसद) ती बदलू शकते, त्यामुळे भीती अनाठायी नाही.

मात्र थोडंथोडं देऊन काहीच वाचत नाही. समजा, तुम्ही आज ५० लाख दिलेत आणि सूट ७० लाखांवर आली. मग तुमच्याकडे उरतात २० लाख, कारण दिलेली रक्कम नव्या मर्यादेतूनच वजा होते. खरा फायदा ७० लाखांच्या वर दिलेल्या रकमेवरच. ती नंतर परत मोजत नाहीत, असा २०१९चा नियम आहे. म्हणून नवरा-बायकोनं प्रत्येकी ७५ लाख देण्यापेक्षा एकानंच दीड कोटी द्यावेत. सूट निम्म्यावर आली तरी दुसऱ्याचे ७५ लाख शाबूत राहतात.

एवढी संपत्ती नसेल, तर देण्यात उलट नुकसान होतं. ३ लाखांना घेतलेलं घर आज ११ लाखांचं आहे. हयातीत दिलंत, तर मुलाकडे तुमचीच खरेदी किंमत जाते आणि विकताना ८ लाखांवर भांडवली नफ्याचा कर बसतो. वारशानं मिळालं, तर मृत्युदिवसाची किंमत धरतात आणि तो कर जवळपास नाहीसा होतो. शिवाय घर नावावर करून त्यातच भाडं न देता राहिलात, तर ते तुमच्या इस्टेटीत मोजलं जाऊ शकतं.

त्यापेक्षा वार्षिक मर्यादा वापरा: २०२६मध्ये प्रत्येक व्यक्तीला १९,००० डॉलर, दीड कोटींची सूट न खर्चता. शिक्षणाची फी थेट कॉलेजला भरलीत, तर तीही यात धरत नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त दिलंत, तर पुढच्या १५ एप्रिलपर्यंत फॉर्म ७०९ (गिफ्ट टॅक्सचं, म्हणजे भेटींवरच्या कराचं विवरणपत्र) भरा. घर किंवा धंद्यातला हिस्सा असेल, तर अप्रेझल, म्हणजे किमतीचा मूल्यांकन अहवाल, जोडा.

जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल, तर अमर्याद वैवाहिक सवलत (जोडीदाराला कितीही रक्कम करमुक्त देण्याची मुभा) मिळत नाही, ग्रीन कार्ड असलं तरी. त्याला २०२६मध्ये १,९४,००० डॉलरपर्यंतच सूट न खर्चता देता येतात. राज्याचा कर वेगळाच: मॅसॅच्युसेट्समध्ये २० लाखांपासून. घर, ४०१(के) हे निवृत्ती-बचत खातं आणि आयुर्विमा मिळून तो आकडा सहज ओलांडतो. माझ्या मते खरी काळजी इथे करायला हवी.

पुण्यात राहून अमेरिकन कंपनीचे शेअर बाळगणाऱ्या भारतीय नागरिकांचं गणित मात्र उलटं आहे. त्यांना सूट फक्त ६०,००० डॉलरची, आणि भारत-अमेरिकेत इस्टेट टॅक्सचा करार नाही. पण अशा व्यक्तीनं हयातीत दिलेल्या शेअरवर अमेरिकेचा गिफ्ट टॅक्स लागत नाही, आणि भारतात मुलाला दिलेली भेट करमुक्त असते. त्यांनी द्यायचं ते हयातीतच द्यावं.