पाच होत होते!

"अगं, बदाम का खेळलीस? चौकटची खूण केली होती ना मी!"

क्लबात ब्रिज रंगलं होतं. प्रतिस्पर्ध्यांचं तीन नो ट्रम्प (हुकमाशिवाय नऊ हात) झालं आणि काका आपल्या पार्टनरवर, म्हणजे काकूंवर, असे खेकसले की शेजारच्या टेबलाचं बिडिंग (बोली लावणं) थांबलं. प्रतिस्पर्ध्यांना मात्र हसून "छान खेळलात हं!"

काकूंनी पुढच्या बोर्डातली, म्हणजे आधीच वाटून ठेवलेल्या पानांच्या ट्रेमधली, तेरा पानं काढली. मोजली. लावली.

डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पानं सगळ्या टेबलांवर फिरतात. त्यामुळे 'आज पानंच आली नाहीत' ही सबब गेली. राग काढायला उरतो पार्टनर! त्यात २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये आपल्या बर्धन-सरकार जोडीनं उतारवयात ब्रिजचं सुवर्ण जिंकल्यापासून आमच्या क्लबात सगळेच भावी चँपियन.

पुढे काकूंनी चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात, झकास केलं.

काका म्हणाले, "पाच होत होते."

होत होते, खरंय, एक हात जास्त. जादा हाताला गुणही असतात. पण म्हणून लगेच?