तुम्ही विचारलंत म्हणून: मेटल सोडून हे काय वाजवतेस?

‘ताई, मेटल सोडलंस का?’ हा पहिला प्रश्न. आणि त्याला चिकटूनच दुसरा, ‘डोंगरावरचं सिंहासनच हवंय तर आपला रायगड आहे ना, नॉर्वेत कशाला जायचं?’ इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलंय की आता एकदाच काय ते लिहून टाकते.

मेटल, म्हणजे ते कर्कश गिटार आणि धडधडत्या ड्रम्सचं रॉक, सोडलेलं नाही. गिटारच्या तारा अजून वेळेवर बदलते. पण रात्री हेडफोन लावून कीबोर्डवर मी जे करत बसते, म्हणजे एक सूर धरून ठेवायचा आणि त्याच्यावर चार-पाच सुरांची चाल हळूहळू फिरवत राहायची, ते तुम्हाला मेटल वाटत नाही आणि मला वाटतं. याचं मूळ १९९५ चा वोंगरावेनचा ‘फ्येल्लत्रोनेन’, नॉर्वेतला एक अल्बम, नावाचा अर्थच डोंगरावरचं सिंहासन. सॅटिरिकॉन बँडच्या सॅटिरनं स्वतःचं आडनाव देऊन केलेला, एम्परर बँडचा ईसान मदतीला; दोन्ही बँड तिकडच्या ब्लॅक मेटलचे, म्हणजे मेटलच्याच एका अंधाऱ्या प्रकारातले. तेव्हा सॅटिर वीस-एक वर्षांचा पोरगा होता. पहिल्या ट्रॅकचं नाव ‘एकदा एक माणूस होता’, तिकडच्या परीकथा अशाच सुरू होतात, आपलं आटपाट नगर होतं तसं. ब्लास्टबीट म्हणजे ड्रम्सचा अखंड मारा नाही, डिस्टॉर्शनची म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या गिटारच्या आवाजाची भिंत नाही, तरी मला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं की हा रिफच आहे, मेटलमधली परत परत फिरणारी चाल. मेटल गिटारचा पॉवर कॉर्ड म्हणजे तरी काय, सा आणि प. नवव्या शतकातल्या चर्चच्या गाण्यात मूळ चालीखाली दुसरा आवाज तेवढंच अंतर ठेवून चालवायचे. पॉवर कॉर्डमधलं डिस्टॉर्शन काढा आणि दोन मिनिटं धरून ठेवा, बघा काय उरतं ते.

बँड का तुटला हे पण विचारता. ते यातच आहे.

पुण्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, फेस्ट, आम्हाला पंचवीस मिनिटं. मी हट्ट धरला की सुरुवात माझ्या कीबोर्डच्या तुकड्यानं करायची. बाकीचे तिघं तयार नव्हते, शेवटी ड्रमर म्हणाला ठीके, तीन मिनिटं. तो माझा आठवीपासूनचा मित्र, त्याच्या घरच्या गच्चीवर आम्ही दोघं वाजवायला शिकलो. साउंड चेकलाच लक्षात आलं की अर्थिंगचा घोळ आहे, स्पीकरमधून गुणगुण येतीय. आपली वीज ५० हर्ट्झची आणि माझा खालचा सूर जी, म्हणजे ४९. दोन्ही इतके जवळ की एकमेकांवर आपटून दर सेकंदाला एक हेलकावा. मी सूर बदलू शकले असते, एक बटण दाबायचं होतं, पण मला तो हेलकावा आवडला, वाटलं हे कुणाला मुद्दाम जमणार नाही. समोर पाचेकशे पोरं मोशपिट करायला, म्हणजे स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचायला आलेली. दुसऱ्या मिनिटाला शिट्ट्या, मग कुणीतरी ओरडलं ‘आरती झाली की प्रसाद द्या’, सगळे हसले, मी मान वर केली नाही. मला वाटत होतं अजून थोडा वेळ धरला तर गप्प होतील, खरंच गप्प होतील. साडेचार मिनिटं झाली असतील आणि मागून स्टिक्सचे चार ठोके आले. टक टक टक टक. पुढचं गाणं सुरू. माझे हात कीबोर्डवरच होते. पब्लिकनं जल्लोष केला, मी गिटार गळ्यात घातली आणि उरलेला सेट एकही चूक न करता वाजवला. खाली उतरल्यावर त्याला म्हणाले, तू असं कसं केलंस. तो म्हणाला, ‘तू आम्हाला विचारलंस कुठं?’

कित्येक वर्षं ही गोष्ट मी इथंच संपवून सांगायचे. पुढचं असं की तुकडा पहिल्यापासून सहा मिनिटांचाच होता. मी तीन सांगितले होते. मला माहीत होतं.

तेव्हा मी सगळ्यांना हेही ठासून सांगायचे की हे संगीत म्हणजे युरोपातलं खरं मध्ययुग आहे, तुम्हाला कळत नाही. नाहीये ते. स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं नॉर्वेच्या ताब्यात होती तेव्हाचं, तेराव्या शतकातलं संत मॅग्नुसचं स्तोत्र आजही ऐकायला मिळतं, दोन आवाज सा-ग च्या अंतरानं हातात हात घालून चाललेत, इतकं गोड की अंगाई वाटावी. अंधारं मध्ययुग आलं ते किटेलसन या नॉर्वेच्या चित्रकाराच्या १९०० सालच्या चित्रांतून, १३४९ चा प्लेग म्हणजे दाताळं आणि झाडू घेऊन दारोदार फिरणारी म्हातारी. आणि ज्या ब्लॅक मेटलच्या सीनमध्ये, म्हणजे त्या बँडवाल्यांच्या वर्तुळात, मध्ययुगावर एवढं प्रेम होतं त्याच सीनमधल्या पोरांनी चर्चं जाळली. बर्गनजवळचं फांटॉफ्टचं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च असंच लावलेल्या आगीत राख झालं, ६ जून १९९२. सॅटिरनं नाही केलं ते. तरी हा अल्बम लावला की मला ते आठवतं, आठवायलाच हवं असं वाटतं, आणि तरीही मी लावते. याचं उत्तर माझ्याकडं नाही.

६ जून आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतो, आता रायगडाचं बोलते. प्रयत्न केलाय मी, पहाटेचा वारासुद्धा रेकॉर्ड करून आणला. पण मेघडंबरीसमोर उभं राहिलं की मला तिथं माणसंच माणसं दिसतात, नावानिशी, आणि त्यांची गोष्ट डफावर, खड्या आवाजात सांगायची आहे, ती शाहिरांनी सांगितलीय. सॅटिरच्या डोंगरावर कोण बसलंय हे कुणालाच माहीत नाही, तिथं मला जागा मिळते. हे उत्तर मी प्रत्येकाला देते आणि मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं भीती असेल. तिकडचा सूर चुकला तर जाब विचारायला इथं कोण येणारे.

त्या दिवसाचं कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. गुणगुण, हेलकावा, शिट्ट्या आणि शेवटी ते चार ठोके. माझ्या अल्बमचा शेवट तिथंच करायचाय, त्या ठोक्यांवर, पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत तोडून. ठोके त्याचे आहेत, त्याला विचारावं लागेल. नंबर आहे. अजून फोन केलेला नाही.